फुकट्याला आधी दाता लागतो

२०२५ च्या दिवाळीआधीची गोष्ट. आमच्या सोसायटीतल्या कामाच्या बायकांनी एका मंगळवारी दांडी मारली. राज्य सरकारच्या महिन्याला पंधराशे रुपये देणाऱ्या 'लाडकी बहीण' योजनेची ई-केवायसी, म्हणजे ऑनलाइन ओळख-पडताळणी, करायची होती आणि साइट सकाळी लवकर उघडली तरच चालते, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. दहा वाजेपर्यंत ग्रुपवर घासायच्या भांड्यांचे फोटो आले आणि साडेदहाला एक मेसेज आला. मेसेज मराठीत होता, त्यातले दोनच शब्द इंग्रजी होते: 'सरकारने या फ्रीलोडर्सना डोक्यावर बसवून ठेवलंय, आता भोगा आपण टॅक्सपेयर्सनी.' खाली अंगठ्यांची रांग लागली. मी मोजले, सतरा.

मला राग येण्याआधी कुतूहल वाटलं ते 'फ्रीलोडर' या शब्दाचं. फुकट्या, ऐतखाऊ, आयतोबा, फुकटचंबू, बांडगूळ. या बाबतीत मराठीत वाण नाही. मग फ्रीलोडर कशाला?

कारण मराठीतला फुकट्या नेहमी ओळखीचा असतो. हॉटेलात बिल आलं की नेमका हात धुवायला जाणारा मित्र. 'सहज या बाजूला आलो होतो' म्हणत बरोबर पानं मांडायच्या वेळी टपकणारा लांबचा मामा. त्याच्यामागे आपण कुरकुरतो, तो गेल्यावर त्याची नक्कल करून हसतो आणि पुढच्या वेळी त्याला पुन्हा पान वाढतो. त्याला नाव असतं, नातं असतं. अनोळखी दोन-सव्वादोन कोटी बायकांना एका झटक्यात फुकट्या म्हणायला मराठी जीभ जरा अडखळते. इंग्रजी शब्द ती अडचण सोडवतो. तो घातला की शिवी दिल्यासारखं वाटत नाही, अर्थशास्त्र बोलल्यासारखं वाटतं.

गंमत अशी की इंग्रजीतही हे शब्द जन्माला आले ते ओळखीच्या माणसासाठीच. 'स्क्राउंजर' पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांच्या बोलीत रुळला. इकडून-तिकडून सिगारेटी, बिस्किटं, जळण 'मिळवून' आणणारा सोबती तो स्क्राउंजर, आणि त्यात थोडं कौतुकही होतं. पुढे तो सरकारी भत्त्यावर जगणाऱ्यांना चिकटला, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत गेला आणि कौतुक गळून पडलं. 'पॅरासाइट'ची कथा तर त्याहून जुनी. ग्रीक भाषेत पॅरासिटोस म्हणजे दुसऱ्याच्या शेजारी बसून अन्न खाणारा, आपल्या पंक्तीतलाच म्हणा ना. अथेन्समध्ये देवळाच्या धान्यातून पुजाऱ्यांबरोबर जेवणारे मानाचे लोक होते, त्यांना हा शब्द होता. मग प्रहसनांतला लाळघोट्या पाहुणा, मग झाडावरचं बांडगूळ, पोटातला जंत, आणि शेवटी माणसांचा एक अख्खा वर्ग.

तो वर्ग आपल्याकडे थेट सर्वोच्च न्यायालयात अवतरला. फेब्रुवारी २०२५ मध्ये शहरांतल्या बेघरांच्या निवाऱ्याचं प्रकरण चालू असताना न्यायमूर्ती भूषण गवई यांनी विचारलं, की फुकट वाटपातून आपण परोपजीवींचा एक वर्ग तर तयार करत नाही ना. गवई अमरावतीचे, शेतकरी कुटुंबातले. महाराष्ट्रात निवडणुकीआधी जाहीर झालेल्या योजनांमुळे शेतीला मजूर मिळेनासे झालेत, असंही ते म्हणाले. समोरून वकील प्रशांत भूषण यांनी उत्तर दिलं, की काम मिळत असताना काम नको म्हणणारा माणूस या देशात क्वचितच सापडेल. बातमी दोन दिवस चालली. मला त्यात खटकलं ते वेगळंच. विषय होता रस्त्यावर झोपणाऱ्यांच्या डोक्यावरच्या छपराचा. छपराची मागणी झाली आणि चर्चा मागणाऱ्याच्या आळसावर गेली. हा शब्द जिथे जातो तिथे हेच करतो.

ब्रिटनचे तेव्हाचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी २०१२ मध्ये पक्षाच्या अधिवेशनात असंच एक चित्र रंगवलं होतं: पहाटेच्या अंधारात कामावर निघालेला माणूस आणि शेजाऱ्याच्या खिडकीचे ओढलेले पडदे, आत भत्त्यावर जगणारा शेजारी झोपलेला. त्याच वर्षी अमेरिकेत मिट रॉम्नी देणगीदारांपुढे बोलताना सत्तेचाळीस टक्के जनतेला सरकारवर अवलंबून असलेली म्हणून मोकळे झाले. हे भाषण गुपचूप रेकॉर्ड झालं आणि निवडणुकीत त्यांना महागात पडलं. पण ही सगळी भांडवलशाहीची खोड आहे असं कुणी समजू नये. सोव्हिएत रशियात १९६१ मध्ये 'परोपजीवीपणा'विरुद्ध फर्मान निघालं. तिथला शब्द तुनेयादेत्स, शब्दशः फुकटखाऊ. १९६४ मध्ये लेनिनग्राडच्या कोर्टात जोसेफ ब्रॉड्स्की नावाच्या तरुण कवीवर याच आरोपाखाली खटला चालला. न्यायाधीशबाईंनी त्याला विचारलं, तुला कवींमध्ये दाखल कुणी केलं? त्याने उलट विचारलं, मला माणसांमध्ये दाखल कुणी केलं? पाच वर्षांची हद्दपारी झाली. १९८७ मध्ये त्याच फुकटखाऊला साहित्याचं नोबेल मिळालं.

म्हणजे राजवट कुठलीही असो, कोण फुकट खातो हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याचं स्वतःचं ताट त्या मोजणीत कधीच येत नाही.

माझं म्हणणं साधं आहे. फुकट्या म्हणायचं तर आधी कुणीतरी दाता लागतो. मामाला मी जेवू घालतो तेव्हा तांदूळ माझे असतात, म्हणून मामाला फुकट्या म्हणायचा मला थोडाफार अधिकार. सरकारी तिजोरीत मात्र दाता कोणी नसतो. सगळे भरणारे आणि सगळे घेणारे. ग्रुपवरच्या 'टॅक्सपेयर'ला वाटतं, की आयकर भरतो तोच कर भरतो. आमच्याकडे पोळ्या करायला येतात त्या मावशी (वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण मावशीच) आयकर भरत नाहीत हे खरं. त्या अठ्ठावीस दिवसांनी २९९ रुपयांचा रिचार्ज मारतात. त्यावर अठरा टक्के जीएसटी असतो. मी बँकेत हयात घालवलेला माणूस, असला हिशोब केल्याशिवाय राहवत नाही: त्यातले ४५ रुपये ६१ पैसे कराचे. शिवाय तेल, साबण, मुलाच्या दुचाकीतलं पेट्रोल. साबणावरचा कर २०२५ च्या सप्टेंबरात अठरावरून पाचवर आला, तोवरची सगळी वर्षं त्यांनी आणि मी एकाच दराने भरला. माझ्या कमाईचा तो चिमूटभर, त्यांच्या कमाईचा मूठभर.

आता ज्या गृहस्थांनी मेसेज टाकला त्यांच्याबद्दल. माणूस वाईट नाही. गणपतीत राबतो, कुणाला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचं असेल तर आधी यांची गाडी निघते. गाड्या दोन आहेत. एक आत पार्किंगमध्ये, दुसरी बाहेर रस्त्यावर, गेली आठ वर्षं. त्या जागेच्या दोन्ही टोकांना सिमेंटच्या कुंड्या आहेत, दुसरं कुणी लावू नये म्हणून. पुणे महापालिकेने रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे लावायचं धोरण २०१८ मध्ये मंजूर केलं, त्यावर ओरड झाली आणि ते रखडलं. ओरडणाऱ्यांत मीही होतो. एका गाडीला लागते साधारण १३५ चौरस फूट जागा. मावशींची खोली दहा बाय बाराची, म्हणजे १२० चौरस फूट, आणि भाडं महिना पाच हजार. त्यांच्या खोलीपेक्षा मोठ्या सार्वजनिक जागेत एक गाडी आठ वर्षं मोफत झोपली आहे, आणि आमच्यापैकी एकालाही हे फुकट वाटलेलं नाही. त्याला आपण 'पार्किंगची सोय' म्हणतो.

खरी किल्ली या नावांत आहे. खाली वाटलं की ते फुकट, रेवडी, खिरापत. वर वाटलं की सवलत, प्रोत्साहन, मानधन. जुलै २०२२ मध्ये बुंदेलखंड द्रुतगती मार्गाच्या उद्घाटनात पंतप्रधानांनी 'रेवडी संस्कृती'पासून तरुणांना सावध केलं. त्याच्या जवळपास तीन वर्षं आधी, सप्टेंबर २०१९ मध्ये, कंपन्यांवरच्या कराचा दर तीसवरून बावीस टक्क्यांवर आणला गेला होता, आणि त्यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडावा लागेल असं सरकारनेच तेव्हा सांगितलं होतं. ते धोरण चूक की बरोबर यावर अर्थतज्ज्ञ भांडोत बापडे. पण त्या दिवशी कुठल्याही ग्रुपवर, कंपन्या आता आळशी होतील, त्यांना कामाची सवय राहणार नाही, अशी काळजी कुणी केल्याचं मला आठवत नाही.

बँकेतला माणूस म्हणून एक गोष्ट उलट बाजूनेही सांगितली पाहिजे, नाहीतर हिशोब खोटा ठरेल. बँकांनी दहा वर्षांत सोळा लाख कोटींहून जास्त कर्जं 'राइट ऑफ' केल्याचा आकडा २०२५ मध्ये संसदेत आला, आणि तेवढी माफी उद्योगपतींना दिली असा गलका झाला. राइट ऑफ म्हणजे माफी नव्हे. ते खातं ताळेबंदातून बाहेर काढणं असतं, वसुली चालूच राहते, निदान कागदावर राहते. पण मला आठवते ती वागणूक. मोठं खातं बुडीत निघालं की आम्ही वातानुकूलित खोलीत बसायचो, चहा-बिस्किटं यायची, वकील यायचे, किती 'हेअरकट' घ्यायचा, म्हणजे कर्जातली किती रक्कम सोडून द्यायची, यावर तीन-तीन बैठका व्हायच्या. मान खाली घातलेला एकही थकबाकीदार त्या खोलीत मी पाहिला नाही. आणि २०१७ मध्ये राज्याने दीड लाखांपर्यंतची शेतकरी कर्जमाफी जाहीर केली तेव्हा आमच्या ग्रामीण शाखेबाहेर माणसं उन्हात उभी होती, नवरा-बायको जोडीने, हातात आधारच्या झेरॉक्स. ऑनलाइन अर्जात अंगठा उमटेना म्हणून एक म्हातारा शर्टाला अंगठा पुसत होता, पुन्हा ठेवत होता, पुन्हा पुसत होता. आमच्याच एका सहकाऱ्याने काउंटरमागून म्हटलं, 'फुकट पाहिजे ना, मग थांबा की.' मी हसलो होतो. हे लिहायला आज बरं वाटत नाही, पण हसलो होतो.

तेव्हा फुकटा होता शेतकरी. आज तोच शेतकरी मजुराला फुकटा म्हणतो. विदर्भात कापूस वेचायला बायका येत नाहीत ही तक्रार मी स्वतः नातेवाइकांकडून दिवाळीत ऐकली आहे, आणि ती खोटी नाही. पण 'लाडकी बहीण'चे महिन्याचे पंधराशे रुपये म्हणजे दिवसाला पन्नास. पन्नास रुपयांत कुणी घरी बसत नाही. फार तर असं होतं, की महिन्यातले सर्वांत वाईट मजुरीचे पाच-सहा दिवस ती नाकारू शकते. दुपारच्या उन्हात, वाकून, किलोवर पैसे ठरवून केलेलं काम. आजवर तिला नाही म्हणता येत नव्हतं, आता येतं. शेतकऱ्याला याचा त्रास होतो, कारण कापसाला भाव नाही आणि मजुरी वाढवायला त्याच्याकडे पैसा नाही. दुखणं कापसाच्या भावाचं आहे, ते आळसाच्या खात्यावर टाकून चालणार नाही. जगातला अभ्यासही असंच सांगतो. अभिजित बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी सहा देशांतल्या रोख मदतीच्या सात कार्यक्रमांचे आकडे तपासले; पैसे मिळाल्याने माणसं काम सोडतात याचा पद्धतशीर पुरावा त्यांना सापडला नाही.

हे सगळं लिहिताना मला माझे आजोबा आठवतात, आणि ते आठवले की माझी लेखणी जरा मवाळ होते.

आजोबा कोकणातून १९१७-१८ च्या सुमाराला पुण्यात शिकायला आले ते अकराव्या-बाराव्या वर्षी, एक पंचा आणि एक तांब्या घेऊन. वार लावून जेवले. नव्या पिढीला सांगायचं तर सात वार, सात घरं; ठरलेल्या वारी ठरलेल्या घरी जायचं आणि वाढतील ते जेवायचं. गुरुवारच्या घरी दत्ताचं काही असलं तर गोड मिळे. शनिवारच्या घरचं ताक इतकं पातळ असे की त्यात चंद्र दिसायचा, असं ते सांगत. बसायचं मागच्या दाराशी. तूप दुसऱ्यांदा मागायचं नाही. बुधवारच्या घरी कुणाचं सुतक आलं तर बुधवारी उपास. अशी सहा वर्षं काढून ते मॅट्रिक झाले, पोस्टात चिकटले आणि स्वतःचा संसार झाल्यावर आमच्या घरी कायम एका मुलाचा वार ठेवला. या सगळ्याचा त्यांना अभिमान होता आणि आम्हालाही आहे. कुणी कधी त्यांना ऐतखाऊ म्हटलं नाही. त्याला विद्यार्थिधर्म म्हणत.

पण हेच आजोबा म्हातारपणी, १९७० च्या दशकात, शेजारच्या चाळीतल्या एका मुलाला सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा अंगणात बसून म्हणाले, 'यांचं बरंय, सगळं आयतं.' माझे वडील काही बोलले नाहीत. मी शाळकरी होतो, मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या दोन वाक्यांतलं, म्हणजे 'मी वार लावून शिकलो' आणि 'यांना सगळं आयतं' यांतलं अंतर मला दिसायला पुढे तीस वर्षं लागली. वाराची ती सात दारं त्या मुलाच्या आजोबांना उघडली नसती. त्यांना ताट सोडा, ओटीवर चढू दिलं नसतं. आमच्या आजोबांना समाजाने जातीच्या नात्याने जे फुकट दिलं, तेच चाळीतल्या मुलाला सरकारने कायद्याने दिलं, आणि आमच्याला नाव पडलं परंपरा, त्याच्याला पडलं सवलत.

ज्यांना ती दारं बंद होती त्यांच्यासाठी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभारायला घेतली. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारं बोर्डिंग काढलं, आणि मुलांना खायला काही उरलं नाही तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. भाऊरावांनी 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला, तो आज फुकट्यांना सुनावण्यासाठी सर्रास वापरला जातो. पण तिथे आधी ताट होतं, मग काम होतं. उपाशी पोरगं दाराशी आलं तर आधी कमव आणि मग जेव, असं भाऊरावांच्या दारात कुणी म्हटलं नाही.

त्याही मागे जायचं तर पेशवाईत श्रावणात पुण्यात ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई, पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाच्या आवारात. इंग्रज आल्यावर ती रोडावली तरी चालू राहिली. १८४९ मध्ये पुण्यातल्या सुधारकांनी अर्ज केला, की यातला काही पैसा जात न बघता मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. केवढा गहजब झाला! सुधारकांच्या पाठीशी उभं राहायला जोतीराव फुल्यांना माणसं घेऊन जावं लागलं. पिढ्यान्‌पिढ्या फुकट मिळालेलं काढून घ्यायची नुसती भाषा झाली की ते हक्काचं होतं. इतरांना नव्याने काही द्यायची भाषा झाली की ते फुकट होतं. पावणेदोनशे वर्षांत या वादाचं व्याकरण फारसं बदललेलं नाही.

आणि गाडगेबाबा. त्यांचं नाव घेऊनही फुकट्यांना झोडपलं जातं: बघा, बाबा गाव झाडल्याशिवाय भाकरी घेत नसत. नसत, खरं आहे. पण ती अट त्यांनी स्वतःला घातली होती. इतरांसाठी त्यांनी सांगितलं ते भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, आणि पुढे बेकारांना रोजगार. भुकेल्याला आधी काय काम करतोस असं विचारा, हे त्या यादीत नाही.

मग 'लाडकी बहीण' चांगली योजना आहे का? माझ्या मते नाही, आणि कारण ग्रुपवरच्या मंडळींच्या बरोबर उलट आहे. शासन निर्णय निघाला २८ जून २०२४ ला, निवडणूक झाली नोव्हेंबरात. वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज असलेली योजना एवढ्या घाईत आली की तपासणी नंतर सुरू झाली. चौदा हजारांवर पुरुष लाभार्थी निघाले, दोन हजारांवर सरकारी नोकरीतल्या महिला निघाल्या, आणि २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंत सव्वीस लाखांच्या आसपास नावं अपात्रतेच्या संशयाने थांबवली गेली. फुकटे शोधायचे तर हे आहेत, विशेषतः पगारपत्रक हातात असताना अडीच लाखांच्या आतलं उत्पन्न लिहून देणारे. सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या खात्यांचा निधी या योजनेकडे वळवल्याची तक्रार तर खुद्द मंत्र्यांनी केली. म्हणजे वसतिगृहातल्या मुलीच्या हक्काच्या ताटातून काढून तिच्या आईला ओवाळणी.

ओवाळणी हाच तिचा खरा दोष. याच राज्याने १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी केली. काम मागेल त्याला काम, आणि १९७७ च्या कायद्याने तो हक्क. त्यासाठी नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. माझ्या पगारपत्रकात वर्षानुवर्षं महिन्याला दोनशे रुपये कापले जात, फेब्रुवारीत तीनशे, आणि ते कशापायी हे शाखेतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. खडी फोडणारी बाई कुणाची लाडकी नव्हती. ती कुणाची बहीणही नव्हती. तिने काम मागितलं, नाही दिलं तर सरकार चुकलं, एवढाच व्यवहार. तिच्या हातात फोटो असलेली पिशवी द्यावी लागली नाही आणि तिला कुणाला राखी बांधावी लागली नाही. तिला फुकटी म्हणायला जागाच नव्हती, कारण कुणी दाताच उभा नव्हता. 'लाडकी' म्हटलं की एक भाऊ येतो, भाऊ आला की त्याचा मोठेपणा येतो. पंधराशेचे एकवीसशे करण्याचं वचन पाळलं जात नाही तेव्हा बहिणीने तक्रार कुठे करायची? ओवाळणी कमी पडली म्हणून कुणी कोर्टात जात नाही.

दर महिन्याला पैसे द्यायला माझा विरोध नाही. विधवा, परित्यक्ता, म्हाताऱ्या माणसांना रोख मदत द्यावी, भरपूर द्यावी, कायद्याने द्यावी आणि कुणाच्याही फोटोशिवाय द्यावी. दहा रुपयांची शिवभोजन थाळी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी सुरू झाली तेव्हा मी मुद्दाम जाऊन जेवलो. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. शेजारी एक रिक्षावाले काका आणि समोर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा, पुस्तक मांडीवर. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. दहा रुपये टाकले की कुणाचे उपकार नाहीत. आजोबांच्या शनिवारच्या घरापेक्षा ते ताट मला अधिक सन्मानाचं वाटलं, ताकाशिवायही.

राहिला प्रश्न घरातल्या ताटाचा. केंद्र सरकारची वेळ-वापर पाहणी आहे, २०२४ ची. घरच्या बिनपगारी कामात बाईची दिवसाला २८९ मिनिटं जातात, पुरुषाची ८८. आणि पुरुषांचा हा आकडा जे काहीतरी करतात त्यांच्यापुरता आहे, आमच्यासारखे न करणारे त्यात धरलेलेच नाहीत. त्या मंगळवारी एका दिवसाची भांडी स्वतः घासायची वेळ आली म्हणून ज्यांनी फोटो टाकले, त्यातले बहुतेक पुरुष होते. घासली बायकांनीच.

मावशी दुसऱ्या दिवशी आल्या. केवायसी झाली नव्हती. त्यांचा स्वतःचा ओटीपी आला होता, पण पुढे नवऱ्याचा आधार क्रमांक आणि त्याच्या फोनवरचा ओटीपी मागत होतं. नवरा नऊ वर्षांपूर्वी गावाकडे निघून गेला, तेव्हापासून दोन्ही मुलांचं त्याच निभावतात. घटस्फोट नाही, म्हणून कागदावर तो आहे. मंगळवारी त्यांनी त्याला सात वेळा फोन लावला होता.

'काका, तुमच्या फोनवरून लावता का? माझा नंबर बघून उचलत नाहीत ते.'

मी लावला. दुसऱ्याच रिंगला उचलला. मी कोण ते सांगितलं, काय पाहिजे ते सांगितलं. पलीकडे टीव्ही चालू होता. थोड्या वेळाने त्याने सहा आकडे वाचून दाखवले, मी मोठ्याने म्हटले, मावशींनी मोबाइलवर दाबले. झालं असं वाटून मी फोन ठेवणार, तोच पलीकडून आवाज आला.

'साहेब, किती मिळतात हो महिन्याला?'

मावशींनी ऐकलं. त्या परात घेऊन आत गेल्या आणि कणीक भिजवायला लागल्या.